पाव इंच

चाळीस वर्षं मी लोखंड वाजवून पाहिलं.
शाळांचे बॉयलर, दवाखान्यांचे, दारूभट्टीच्या टाक्या.
आवाजावरून सांगायचो कुठे पातळ झालंय.
आता डुलुथच्या या दुकानात
पिंजऱ्याचा एकेक गज नखाने वाजवतोय,
आणि काउंटरवरची पोरगी बघतेय,
म्हातारं सतार लावतंय की काय, तशी.

"जस्ताचा मुलामा नको," नीलोने बजावलं होतं,
"ती गज चाटतात, जस्त पोटात जातं.
आणि रुंदी नको, उंची बघ.
त्यांना आधी वर जायचं असतं, मग झेपावायचं."
मागे भोंगा वाजला,
पुढचं सुपीरियर सरोवराने गिळलं.

मला प्राणी नको होते, हे नोंदवून ठेवा.
मार्चअखेर बर्फ फुटलं, खनिजाच्या बोटी निघाल्या,
तेव्हा हा आला कानटोपीत दोन जीव घेऊन.
मुठीएवढे शुगर ग्लायडर,
डोळे चेहऱ्याला दोन माप मोठे.
नावं पुल्ला आणि कहवी;
त्याच्या आजीच्या टेबलावर हे दोन्ही कायम असायचं.
"एकटं ठेवलं तर झुरतं," म्हणाला, "म्हणून जोडी."
आणि मला स्वयंपाकघरात एकटा सोडून
बोटीवर गेला.

पहिला पिंजरा फुकटचा.
शेजारच्या मार्लिसचा पोपट गेल्यापासून तळघरात पडून होता.
गजांमध्ये पाऊण इंच. हवा होता अर्धा.
म्हटलं, पाव इंचाने काय होतंय.
ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या बॉयलरला टाळं ठोकलं
पाव इंचासाठी,
तो हे म्हणाला.

रात्री तीनला पिंजरा रिकामा.
फ्रिजमागे बघितलं, पडद्याच्या दांडीवर, बुटांत,
संडासाचं झाकण उघडं होतं, तिथे तर
हात घालायच्या आधी डोळे मिटले.
पाचला सापडले.
दाराआड नीलोचं जुनं जाकीट आहे,
कहवी त्याच्या खिशात, पुल्ला बाहीत, कोपरापाशी.
मी जाकीट हलवलं नाही.
खुर्ची ओढून तिथेच बसलो, उजाडेपर्यंत.

म्हणून हा नवा.
पाच फूट उभा, काळा, भट्टीत भाजलेला रंग.
कॅलिपर लावला सतरा ठिकाणी. अर्धा इंच, सगळीकडे.
वर सरकणारी दारं ही पोरं नाकाने उचलतात,
त्यांना क्लिपा मारल्या.
चाक असं, ज्याच्या मधे दांडा नाही;
शेपूट अडकायला नको.
मार्लिसने थैल्या शिवल्या मऊ कापडाच्या,
शिवण आत दडवून, एकही धागा सुटा नाही.
मी जाकिटाची बाही कापून आत टांगणार होतो.
"लोकर नको," ती म्हणाली, "नखं गुंततात."
मग जरा थांबून, "आणि त्याला थंडीत लागेल ते."

चुलीजवळ नाही, तव्याचा धूर बाधतो.
खिडकीशी नाही, वारा.
शेवटी त्याच्याच खोलीत बसला, पलंगाच्या उशाला.
हॉकीच्या काठ्या तेवढ्या हलवाव्या लागल्या.

अकराला ती उठतात.
तसाही मी तेव्हा जागाच असतो.
कहवी टोकाला जातो, अंगाची चादर उघडतो
आणि पाच फूट उडतो.
रानात म्हणे पन्नास मीटर जातात.
माझ्या टेपवर एवढे आकडेच नाहीत.

रविवारी फोन आला. "केवढा घेतलास?"
मापं सांगितली, इंचासकट.
मग विचारलं, तुझी खोली केवढी, बोटीवर?
थोडा वेळ नुसतं इंजिन.
"हात पसरले की दोन्ही भिंती लागतात."
आणि उंची?
हसला. "पुरते."

आत पुल्ला चाकावर चढली होती.
मी फोन गजांपाशी धरला.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही,
चाक तेवढं फिरत होतं.